ईरप्पाच्या गल्ल्यातला गुलाल

मायाक्काचा फोन आला तेव्हा मी त्या दिवसाचा पेपर घडी न मोडता रद्दीवर ठेवत होतो. अलीकडे हे रोजचंच झालंय. पेपर दारात पडतो, मी तो उचलतो, पहिल्या पानाकडे न बघता आत आणतो आणि कपाटाशेजारच्या गठ्ठ्यावर नीट कडेला कड लावून ठेवतो. बायको, निवेदिता, म्हणते, वाचायचाच नाही तर बंद तरी करा. बंदही करवत नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं अग्रलेखाशिवाय तोंडात चहा घातला नाही, त्यानं पेपर बंद केला असं पेपरवाल्याला सांगायचं म्हणजे घरात कुणीतरी गेल्याचं सांगितल्यासारखं वाटतं. तर मी तसा वाकलेलो असताना फोन वाजला आणि मायाक्का म्हणाली, "भावजी, आज दुपारचं यावा. यायचं आन् ह्यांच्यासंगं भांडायचं."

मला वाटलं, घरात काही वाद झालाय. "कोण भांडतंय वहिनी?" मी विचारलं. "कोन म्हंजे? तुमी की. तुमच्या दोस्तासंगं. काल डाक्टर म्हनले, ह्यास्नी ज्या गोष्टीचा लई राग यायचा ती काढा. रागाच्या भरात कवा कवा शब्द सुटतोय म्हनं. मी म्हनलं, तसं असंल तर आमचं भावजी हायत की. मला न्हाय बगा त्यातलं काय येत. तुमी या आन् पैल्यासारकं भांडा, गल्ली गोळा झाली तरी चालंल." तिच्या आवाजात कित्येक महिन्यांनी उत्साह होता. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण मायाक्काला एक गोष्ट ठाऊक नव्हती. सिद्धाप्पाला झटका आला आणि त्याची वाचा गेली ती उन्हाळ्यात. आम्ही भांडायचं थांबलो होतो त्याच्याही आधी.

सिद्धाप्पा माझा नोकरीतला दोस्त. सोलापूर डेपोला तो कंडक्टर आणि मी ऑफिसात कारकून. तो मंगळवेढ्याकडच्या कोरड्या भागातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला, मी शाळामास्तरचा मुलगा. तसं पाहिलं तर आमचं जमायला काहीच कारण नव्हतं, आणि जमलं ते भांडूनच. ड्यूटी सुटली की आम्ही स्टँडसमोरच्या ईरप्पाच्या हॉटेलात बसायचो, कोपऱ्यातल्या टेबलाशी, आणि दिल्लीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांची सरकारं पाडायचो नि बसवायचो. मी एका पक्षाचा, तो दुसऱ्याचा. सभासद वगैरे नव्हे; पण लहानपणी जे मनात बसतं ते बसतं. माझ्या वडिलांनी ज्या चिन्हापुढे हात जोडले त्यावर मी शिक्का मारत आलो, मग बटण दाबत आलो. सिद्धाप्पा म्हणायचा, तुझ्या लोकांनी आमच्या गावाला पाणी दिलं न्हाय, ज्यानं दिलं न्हाय त्याला मी उबा करनार न्हाय, माझं साधं हाय. आणि जो कोणी नवा येऊन छातीवर हात मारून पाणी देतो म्हणायचा त्याच्यामागे हा जायचा. मी म्हणायचो, तुला गंडवतात. तो म्हणायचा, तुला तर गंडवायची बी गरज पडत न्हाय.

त्याचा एक विलक्षण स्वभाव होता. तो कशालाही व्हय म्हणायचा नाही. मे महिन्यात डांबर वितळून चपलेला चिकटत असताना मी म्हटलं, काय ऊन आहे, तर तो कपाळावरचा घाम निपटत म्हणणार, "कुटं हाय? हे काय ऊन हाय?" मायाक्कानं विचारावं, चहा टाकू का, तर उत्तर, "मी न्हाय म्हनलोय का?" मी एकदा चिडून म्हटलं होतं, अरे लग्नात तरी व्हय म्हणालास का नाही? तर म्हणाला, "तवा बी मला कुनी इचारलं न्हवतं." एसटीच्या गाडीत तीस वर्षं तिकिटं फाडताना रोज शेकडो माणसं त्याच्यापुढे काहीबाही सांगायची, सुट्टे नाहीत, पास घरी राहिला, पोरगं लहान आहे. त्या धंद्यात माणूस असा होत असेल. पण मला ते आवडायचं. घरी निवेदिता समजूतदार, मुलगा सुबोध पुण्यात राहून आणखी समजूतदार. त्यानं घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, बाबा, इथे राजकीय काही टाकू नका, उगाच नात्यांत वाकडेपणा येतो. जगात एकच जागा अशी होती जिथे मी तोंड उघडलं की समोरून ताबडतोब विरोध व्हायचा, आणि त्या विरोधावर टेकून मी उभा होतो, हे तेव्हा कळत नव्हतं.

निकालाचा एक रिवाज होता आमचा. कुणी काढला आठवत नाही, बहुतेक ईरप्पानंच. निवडणुकीचा निकाल लागला की ज्याचा माणूस पडला त्यानं जिंकलेल्याच्या हातून कपाळभर गुलाल लावून घ्यायचा आणि तो संध्याकाळपर्यंत धुवायचा नाही. तसंच घरी जायचं, रस्त्यात कुणी विचारलं कोण आलं निवडून, तर खरं नाव सांगायचं. हरलेल्यानं आपल्या तोंडानं जिंकलेल्याचं नाव घ्यायचं, ही खरी शिक्षा. सुबोधच्या बारशाच्या दिवशी मी असा गुलाल फासून पाहुण्यांत वावरलो होतो आणि सासऱ्यांनी कपाळाला हात लावला होता. सिद्धाप्पा एकदा तशाच अवतारात अक्कलकोटच्या गाडीवर गेला. साऱ्या गाडीनं त्याचं अभिनंदन केलं आणि ह्यानं प्रत्येकाला, तिकीट देता देता, मी पडलोय, मी पडलोय असं सांगितलं. चिडायचो, पण धुवायचो नाही. आज वाटतं, त्या लाल कपाळात केवढा विश्वास होता. कोणीतरी खरोखरच जिंकतो, कोणीतरी खरोखरच हरतो, आणि कोण कुठल्या बाजूचा हे निदान संध्याकाळपर्यंत तरी टिकतं.

मग तात्यासाहेब आले. आले म्हणजे होतेच. वीस वर्षं माझ्या पक्षाचे पुढारी होते. त्यांची बाजू घेऊन मी सिद्धाप्पाशी किती भांडलो त्याला गणती नाही. कारखाना बुडाला तेव्हा मी दुष्काळाकडे बोट दाखवलं. सूतगिरणी बंद पडली तेव्हा मी जागतिक बाजारपेठ समजावून सांगितली. सिद्धाप्पा टेबलावर मूठ आपटून मला म्हणायचा, "नाथा, चोर हाय त्यो, आन् तू त्येचा वकील." त्याच्या गावाकडे एक पद्धत आहे: पुढारी आला की त्याला घोंगडं पांघरायचं, हातात काठी द्यायची, काखेत कोकरू द्यायचं आणि फोटो काढायचा. प्रत्येक पुढारी त्या घोंगड्यात शपथ घेतल्यासारखा आरक्षणाचं आणि पाण्याचं बोलतो. घोंगडं सिद्धाप्पाच्या घरचं असायचं, थोरल्या भावाचं. सगळ्या पक्षांना तेच. पण तात्यासाहेबांना ते द्यायला ह्यानं एकदा भर सभेत नकार दिला होता, मंडपातून घोंगडं काखोटीला मारून निघून आला होता. ते मला सांगताना त्याचे डोळे लकाकत होते.

राज्यात काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमदार विमानात बसून गेले, हॉटेलात राहिले, परत आले ते दुसरे होऊन. एका पक्षाचे दोन झाले, दुसऱ्याचे दोन झाले, चिन्ह एकाकडे आणि म्हातारी माणसं एकाकडे. सकाळी उठून टीव्ही लावावा तर शपथविधी. सुरुवातीला आम्ही त्यावरही जोरात भांडलो. मग एके दिवशी, अर्ज भरायची मुदत संपायच्या तोंडावर, तात्यासाहेब सिद्धाप्पाच्या पक्षात गेले आणि त्यांना तिकीट मिळालं. त्यांच्या जागी माझ्या पक्षानं कोणाला उभं केलं? तर सिद्धाप्पाच्या पक्षातून रुसून आलेल्याला. त्या दिवशीही आम्ही ईरप्पाच्या हॉटेलात बसलो. चहा आला, त्यावर साय धरली. शेवटी सिद्धाप्पा म्हणाला, "आता तू कुनाला शिव्या घालनार?" मी म्हटलं, तू कुणाला घालणार? दोघंही हसलो. पण ते हसणं घरी आल्यावर मला बोचत राहिलं.

निकालाच्या दिवशी ईरप्पानं रिवाजाप्रमाणे गुलालाची पुडी आणून ठेवली होती. तात्यासाहेब निवडून आले. सिद्धाप्पा कपाळ पुढे करून म्हणाला, "तुझा मानूस आला. लाव." मी म्हटलं, "तुझा पक्ष आला. तू लाव." "तुझा मानूस." "तुझा पक्ष." आधी ती गंमत होती. मग एका क्षणी त्याचा आवाज चिरकला आणि तो म्हणाला, "राहू दे." ईरप्पानं न फोडलेली पुडी गल्ल्यात टाकली. त्यानंतर आम्ही भेटायचो, पण भेटून काय बोलायचो? नळाला पाणी कितव्या दिवशी आलं, बीपीची गोळी कुठली. महापालिकेत वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते तेव्हाही आम्ही त्यावर तावातावानं बोललो होतो. निवडणूक लागली तेव्हा मात्र कोण उभं आहे हेही दोघांना धड माहीत नव्हतं. कोणी म्हणे मतदारयाद्याच खोट्या आहेत, कोणी म्हणे सगळं सोन्यासारखं चाललंय. पूर्वी मला अशा वेळी खरं काय ते कळतं असं वाटायचं. आता मला काहीच कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं टीव्हीवर दिसतं त्यांची भीती वाटते. उन्हाळ्यात एका दुपारी सिद्धाप्पा संडासातून बाहेर येता येता कोसळला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. शब्द येत नाही.

मायाक्काच्या फोननंतर दुपारी मी रिक्षा केली ती आधी ईरप्पाच्या हॉटेलावर नेली. मनात म्हटलं, शब्दांनी नाही तर ती पुडी बघून तरी तो पेटेल. हॉटेलात आता भिंतीवर पाटी आहे, इथे राजकीय चर्चा करू नये. पोरांची मारामारी झाली तेव्हा लावली. आम्हाला तेवढी सूट होती. ईरप्पानं गल्ल्यात मागे हात घालून पुडी काढली, फुंकर मारून धूळ उडवली. "लावा आज कुनाला तरी," तो म्हणाला, "सामान पडून खराब हुतंय." सात रस्त्याच्या चौकापासून पुढे खांबाखांबावर वाढदिवसांचे बोर्ड होते. एका बोर्डावर तात्यासाहेब, अंगावर घोंगडं, काखेत कोकरू. मी तोंड फिरवलं आणि मनातल्या मनात भाषण जुळवू लागलो. चाळीस वर्षं जे पाठ होतं ते. सहकार, नियोजन, घटना, धरणं कुणी बांधली. प्रत्येक वाक्य जिभेवर आलं की मीच त्याला विचारायचो, आता कुठे आहे ते? आणि ते मुकाट खाली बसायचं. भाड्यानं आणलेला माणूस होतो मी, भांडायला आणलेला, आणि माझ्याकडे भांडण नव्हतं.

मजरेवाडीच्या त्याच्या घरात मायाक्कानं सगळी तयारी केली होती. त्याला उशा लावून बसवलं होतं, दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. पायांवर तेच थोरल्या भावाचं घोंगडं. माझ्यासाठी खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ ठेवलेली. "आलं बगा भांडायला," ती त्याला म्हणाली आणि मला खूण करून दारापाशी उकिडवी बसली. सिद्धाप्पानं माझ्याकडे पाहिलं. डोळे पूर्वीचेच, तीस वर्षं खोटे पास ओळखणारे.

मी सुरुवात केली. "काय सिद्धाप्पा, तुझ्या सरकारनं काय दिवे लावले?" माझा आवाज मलाच नाटकातला वाटला. महागाईचं बोललो. तुमच्या लोकांनी देश विकायला काढलाय म्हटलं. तो बघत राहिला. मी बाजू बदलली. म्हटलं, माझ्या पक्षासारखा पक्ष नाही, सत्तर वर्षांत सगळं आम्हीच केलं. ह्या एका वाक्यावर तो पूर्वी चहाचा कप सांडायचा. आता त्याच्या डाव्या हाताची बोटं घोंगड्याच्या दशा चाळवत होती, तेवढंच. "तात्यासाहेबांसारखा माणूस नाही," मी ओरडलो, "देवमाणूस! कारखाना त्यांनी बुडवला नाही, तुझ्यासारख्यांनी बुडवला!" मायाक्का दारातून पुढे सरकली. सिद्धाप्पाच्या तोंडाच्या कडेला लाळ आली; तिनं ती पदरानं पुसली आणि मला म्हणाली, "आजून जोरात." मी उभा राहिलो. आरक्षण काढलं, म्हटलं तुम्हाला कधी मिळणार नाही, मिळायला नकोच. असं मी आयुष्यात बोललो नव्हतो, मला तसं वाटतही नाही, पण मला त्याचा राग हवा होता. पाण्याचं काढलं. तुमच्या गावच्या लोकांची लायकीच नाही पाण्याची. शेवटी खिशातून पुडी काढून त्याच्यापुढे नाचवली. "हे बघ! तू हरलास म्हण! लाव म्हण!" पुडीकडे पाहून त्याचे डोळे एवढेसे हलले. मग ते माझ्यावर आले आणि त्यांत राग नव्हता, दया होती. सिद्धाप्पाला माझी दया आली होती.

मी खुर्चीत बसलो. धाप लागली होती. बाहेर गल्लीत खरंच दोनचार माणसं थबकली होती, मायाक्कानं त्यांना हातानं पुढे जा म्हटलं. मला एकदम रडायला आलं आणि रडू आलं की माणूस खरं बोलतो, तसा मी हळू आवाजात, भांडण विसरून, फक्त त्याला म्हणालो, "काही खरं नाही रे सिद्धाप्पा. तुझं नि माझं सगळं फुकट गेलं. हे गेले नि ते आले काय, ते गेले नि हे आले काय. पाणी येणार नाही. पोरं पुण्याहून परत येणार नाहीत. आपण उगीच बोंबललो. आता काही होणार नाही."

"व्हय," सिद्धाप्पा म्हणाला.

स्पष्ट. नीट. थोडा घोगरा, पण त्याचाच आवाज. उन्हाळ्यापासून पहिला शब्द, आणि मी त्याला ओळखतो तेव्हापासूनचा पहिलाच होकार.

मायाक्कानं किंकाळी फोडली. "बोललं! आगं आई गं, बोललं की!" ती उठली, पडता पडता सावरली, देव्हाऱ्यापुढे जाऊन कपाळ टेकलं, परत आली, माझे हात धरले, पाया पडू लागली. मी तिला वर उठवत होतो आणि तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत होतो. म्हटलं, सिद्धाप्पा, असं नको. कुटं हाय म्हण. तू वकील हायस म्हण. एकदा न्हाय म्हण रे. पण हे मनातच. मोठ्यानं म्हणायचं धैर्य झालं नाही, कारण मायाक्का हसत होती आणि रडत होती. "परत इचारा, परत इचारा," ती म्हणाली. मी विचारलं नाही. तिनंच त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "काय हुनार न्हाय म्हनत्यात भावजी, व्हय?" आणि तो परत म्हणाला, "व्हय." या वेळी माझ्याकडे बघत, शांतपणे. कंडक्टरनं घंटी वाजवावी, तसा.

मग तिला पलंगावरची पुडी दिसली. हा रिवाज तिला ठाऊक होता. किती निकालांना तिनं नवऱ्याचं कपाळ धुतलं होतं. तिनं दातांनी पुडी फोडली. "तुमी हरलासा भावजी," ती म्हणाली, "ह्यांनी बोलून दावलं." त्याचा डावा हात धरून तिनं तो गुलालात बुडवला आणि माझ्या कपाळापर्यंत आणला. मी वाकलो. त्याची बोटं कपाळावरून ओढली गेली, जड, गरम. गुलाल नाकात गेला, डोळ्यांत गेला. दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मायाक्काला ते आनंदाचं वाटलं. तिला तसंच वाटू द्यायला हवं होतं.

तिनं साखर हातावर ठेवली, दारापर्यंत आली. "उद्या बी यावा," ती म्हणाली. "डाक्टरास्नी सांगते मी. उद्या आलासा की हेच बोला. ते शेवटाला बोललासा ना, काय हुनार न्हाय, तेच. दुसरं काय काढूच नगासा. त्येनं लागू पडतंय." मी म्हटलं, येतो. दुसरं काय म्हणणार? तिला माणूस परत हवा होता आणि तो एका शब्दानं का होईना, परत येत होता.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. चालवणाऱ्यानं आरशातून माझं कपाळ पाहिलं आणि तो हसला. "चचा, कौन आया चुन के? आज तो कुछ था नहीं ना?" रिवाजाप्रमाणे खरं नाव सांगायला हवं होतं. मी सात रस्ता येईपर्यंत विचार केला, मग म्हटलं, मालूम नहीं. त्यानंही पुढे विचारलं नाही. खांबावरून तात्यासाहेब कोकरू घेऊन हसत गेले. ऊन अजून होतं, संध्याकाळ व्हायला वेळ होता, म्हणजे एवढ्यात धुताही येणार नव्हतं. बसल्या बसल्या मी सिद्धाप्पासाठी उद्याची वाक्यं जुळवायला घेतली. फार जुळवावी लागली नाहीत.